खरखरीचा पत्ता

दर दिवाळीआधी आमच्या घरात माळा आवरला जातो, आणि माळ्यावरून खाली आलेल्या निम्म्या वस्तू दर वर्षी पुन्हा माळ्यावरच जातात. दोन वर्षांपूर्वी मात्र एक वस्तू खाली आली ती खालीच राहिली. काकांचा अ‍ॅम्प्लिफायर.

नात्यातल्या मंडळींना तो नक्की आठवत असेल. लातूरच्या घरात पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, हिरव्या रंगाची पत्र्याची चौकट आणि वर उघडे उभे पाच काचेचे व्हॉल्व्ह. आम्ही नांदेडहून सुट्टीला गेलो की संध्याकाळी तो लागायचा. आधी काही नाही, मग अर्ध्या मिनिटाने काचेच्या आत नारिंगी उजेड, आणि मग गाणे. "हात लावायचा नाही, भाजेल" हे काकूचे वाक्य आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे. (तरी एकदा मी लावलाच होता. भाजले.)

काका गेल्यावर काकूने तो मला दिला. तेव्हापासून तो नांदेडला माळ्यावर होता. खाली काढला, पुसला, धीर करून लावला. आणि काय सांगू, लागला की! उजवीकडून स्वच्छ आवाज. डावीकडून मात्र खरखर. म्हणजे तव्यावर मोहरी तडतडावी तशी, मधूनच एखादा फट् असा आवाज, पुन्हा तडतड.

आजची गोष्ट या खरखरीची आहे. ती शोधता शोधता मी बराच लांब गेलो, आणि वाटेत एक चूक केली ती अजून खुपते. ती आधी सांगून टाकतो.

मी दोन चांगले व्हॉल्व्ह फेकून दिले.

झाले असे. खरखर डावीकडे, म्हणजे डावीकडचे व्हॉल्व्ह गेले, असा सरळ हिशेब मी केला. पन्नास वर्षांपूर्वीची काच, जाणारच. काकांच्या या यंत्रात प्रत्येक बाजूला एक ईसीसी-८३ आणि एक ईएल-८४, आणि दोन्ही बाजूंना मिळून वीज पुरवणारा एक ईझेड-८१. ईसीसी-८३ हा छोटा व्हॉल्व्ह बारीक आवाज मोठा करतो, ईएल-८४ तो स्पीकर हलवण्याइतका जोरकस करतो. एका बाजूला पाचेक वॅट. आजच्या हिशेबाने काहीच नाही, पण घरातल्या खोलीला भरपूर. मी डावीकडचे दोन्ही नवे मागवले, परदेशी बनावटीचे, आणि बसवले. खरखर गायब! दोन दिवस मी घरात विजयी वीरासारखा फिरलो. जुने दोन व्हॉल्व्ह भंगारवाल्याच्या पोत्यात गेले.

तिसऱ्या दिवशी खरखर परत आली. तशीच, तिथेच.

मग मी वाचायला बसलो, आणि लक्षात आले की व्हॉल्व्हचा आवाज हा नुसता दुरुस्तीचा विषय नाही. त्याला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तापणारा कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटकडे जातात. जॉन अँब्रोस फ्लेमिंगने १९०४ मध्ये अशी दोन भागांची नळी बनवली, तिच्यातून वीज एकाच दिशेने जायची. म्हणून तिला नाव पडले व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मध्ये तारेची एक जाळी बसवली, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवर बारीकसा बदल केला की प्लेटकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल होतो. आवाज मोठा करण्याची कला माणसाला इथे सापडली. रेडिओ, ग्रामोफोनचे विजेवरचे अवतार, सिनेमाचा आवाज, सभेतले कर्णे, सगळे या जाळीच्या पोटी जन्मले.

पण मोठे करणाऱ्या यंत्राला हवे ते आणि नको ते यातला फरक कळत नाही. एकापुढे एक अशा नळ्या जोडून आवाज मोठा करत गेले की एका टप्प्यावर नुसती खरखरच मोठी होऊ लागे. याला सीमा आहे का? जर्मनीत सीमेन्स कंपनीत काम करणाऱ्या वाल्टर शॉट्कीने १९१८ मध्ये याचे उत्तर दिले. प्रवाह आपल्याला नदीसारखा सलग वाटतो, पण इलेक्ट्रॉन एकेक करून येतात, आणि तेही ठरल्या वेळी नाही. आपल्याकडे अवकाळी गारा पडतात तेव्हा पत्र्याच्या छपरावर जसा आवाज होतो, तसेच काहीसे. प्रत्येक गार वेगळी, पण जोरात पडू लागल्या की एक सलग सर्रर्र असा आवाज. शॉट्कीने त्याला बंदुकीच्या छऱ्यांवरून नाव दिले. म्हणजे नळी कितीही चांगली बनवा, हा आवाज तिच्यात असणारच.

१९२५ मध्ये अमेरिकेत जे. बी. जॉन्सनने नळ्यांचा आवाज मोजला. खालच्या स्वरात त्याला शॉट्कीच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आवाज सापडला. कॅथोडच्या पृष्ठभागात सारखे बारीक बदल होत असतात, त्यातून ही लुकलुक येते असे पुढे मांडले गेले. आणि १९२८ मध्ये याच जॉन्सनने आणखी एक गोष्ट जगापुढे ठेवली, हॅरी नायक्विस्टने तिचे गणित मांडले. ती अशी, की नुसता रेझिस्टर, ज्याला काही जोडलेले नाही, तोसुद्धा आवाज करतो. केवळ त्याला तापमान आहे म्हणून.

हे वाचताना मला गंमत वाटली. म्हणजे आधी सगळ्यांनी नळीला दोष दिला, मग नळीतच दोन वेगळे आवाज निघाले, मग कळले की शेजारी गपचूप बसलेला रेझिस्टरही गुणगुणतो आहे. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, पण माझ्या समोरच्या टेबलावर त्याचा काही उपयोग आहे हे मात्र तेव्हा सुचले नाही. शिक्षण म्हणतात ते हेच असावे.

आता थोडे आपल्या भागाबद्दल. कारण मराठवाड्याचे आणि खरखरीचे नाते जुने आहे.

आपण निजामाच्या राज्यात होतो. मुंबई केंद्र लांब. हैदराबाद जवळ, आणि तिथे १९३५ पासून निजाम सरकारचे डेक्कन रेडिओ होते, मुख्य भाषा उर्दू. संस्थानाचे दुसरे केंद्र तेव्हाच्या औरंगाबादला होते. ही केंद्रे पुढे आकाशवाणीत गेली, हैदराबादचे १ एप्रिल १९५० ला. गावात रेडिओ मोजक्या घरी. वीज नसेल तिथे कोरड्या बॅटऱ्यांचा गठ्ठा लावून चालणारे सेट. आणि ऐकायला काय? तर अर्धे शब्द, अर्धी खरखर. मध्यम लहरी आणि लघुलहरींवर व्हॉल्व्हच्या पोटातला आवाज हा तसा किरकोळ, खरी खरखर आभाळातली. शंभर कोसांवर वीज चमकली तरी सेट तडतडतो. १९५२ पासून बिनाका गीतमाला सुरू झाली, ती ऐकायला आपल्याकडे कान लावून बसत ते रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवर. त्या पिढीला गाण्याबरोबर लाटांसारखी येणारी जाणारी खरखरही पाठ आहे. विविध भारती आली ऑक्टोबर १९५७ मध्ये, परभणी केंद्र १९६८ मध्ये. तोवर आपला कान लांबचे ऐकण्यातच तयार झाला होता.

आमच्या घरातली रेडिओची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आहे आबांची. सगळ्या भावंडांनी ती शंभरदा ऐकली आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. त्या संध्याकाळी नांदेडला आबा शेजारच्या वाड्यात रेडिओभोवती जमलेल्या वीस-पंचवीस माणसांत होते. सेट नेमका तेव्हाच खरखरू लागला. शब्द कळेना. कोणी म्हणे एरियल हलवा, कोणी म्हणे बॅटरी गेली. शेवटी आबांनी पुढे होऊन सेटच्या डोक्यावर एक सणसणीत थाप मारली, आणि आवाज एकदम मोकळा झाला. "माझ्या थापेने मराठवाडा मुक्त झाला," असे आबा म्हणायचे, आणि मग स्वतःच खो खो हसायचे.

ही गोष्ट मी पुढे पुन्हा सांगणार आहे, म्हणून इथे ठेवतो.

तर, तिसऱ्या दिवशी खरखर परत आली आणि मी हात टेकले. एका ओळखीच्याने सांगितले, लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक जुने उस्ताद आहेत, ते अजून व्हॉल्व्ह बघतात. म्हटले, यंत्र तरी कुठले, लातूरचेच. अ‍ॅम्प्लिफायर जुन्या गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव खालीवर.

उस्ताद सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी हैदराबादला कोठीच्या बाजारात काम शिकून आलेले. दुकान म्हणजे दीड खणाची जागा, आता तिथे जास्त करून मिक्सर आणि पंखे येतात. त्यांनी गोधडी उघडली, यंत्राकडे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "डावीकडचे व्हॉल्व्ह कुठं गेले?"

मी सांगितले. फेकले.

"काचेला वर आतून चांदी होती का पांढरं पडलं होतं?"

चांदी होती. अगदी आरशासारखी.

उस्ताद काही बोलले नाहीत. नळी बनवताना आत राहिलेली हवा शोषून घ्यायला एक धातू जाळतात, त्याचा तो आरसा. आत हवा शिरली की तो पांढरा होतो. चांदी शाबूत म्हणजे नळीचा श्वास शाबूत. (अर्थात चांदी असली तरी नळी म्हातारी असू शकते, पण मेलेली नाही एवढे नक्की.) माझ्या दोन्ही नळ्यांवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे नाव होते. १९५४ मध्ये ही सरकारी कंपनी निघाली आणि १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तिथे बनू लागले. त्याआधी आपण बहुतेक बाहेरच्या मालावर होतो. काकांच्या वहीत पहिल्या पानावर १९६९ साल आहे. म्हणजे लातूरच्या एका नोकरदार माणसाला पगारातून पैसे साठवून देशी व्हॉल्व्ह विकत घेता येत होते, ही नुकतीच सुरू झालेली गोष्ट होती. आज नवे व्हॉल्व्ह मिळतात ते बहुतेक रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनचे. त्या दोन नळ्यांची किंमत मला तिथे, त्या स्टुलावर बसून कळली.

"कायला बदलायलाव मालक," उस्ताद म्हणाले, "आधी ऐका की."

आणि मग त्यांनी मला ऐकायला शिकवले. जमेल तसे लिहून ठेवतो, कारण असे शिकवणारे आता फार राहिले नाहीत.

पहिले, आवाजाची जात ओळखायची. सलग घुंऽऽ असा आवाज असेल तर तो विजेचा. त्यातही दोन प्रकार. खालच्या पट्टीतला पन्नास हर्ट्झचा असेल तर तापणारी तार आणि कॅथोड यांच्यात गळती असू शकते, तिथे व्हॉल्व्ह संशयित. जरा वरचा, शंभर हर्ट्झचा असेल तर वीजपुरवठ्यातला मोठा कंडेन्सर सुकला असेल, व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष. सर्रर्र असा पावसासारखा आवाज थोडा असणारच, फार वाढला तर पहिला छोटा व्हॉल्व्ह बघायचा. टण् असा घंटेसारखा आवाज टिचकीसरशी येत असेल तर नळीच्या आतले भाग सैल झाले आहेत, ती माइकसारखी वागते आहे. आणि तडतड, फटफट? "ते कुणाचंबी असू शकतं," उस्ताद म्हणाले. "तिथंच माणूस फसतो."

दुसरे, आवाजाचे बटण. ते पूर्ण खाली केले आणि खरखर गेली, तर दोष बटणाच्या अलीकडे. तशीच राहिली, तर पलीकडे. रेडिओ असेल तर एरियल काढून बघायची. खरखर कमी झाली तर ती बाहेरची, सेटची नाही. एका मिनिटात अर्धे घर झडती घेऊन होते! आमच्या यंत्रात बटण खाली केले तरी तडतड होतीच. म्हणजे दोष बटणाच्या पुढे.

तिसरे, लाकडी पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हला हलकेच टिचकी. माझा नवा ईसीसी-८३ जरा टणटणला, तडतड काही वाढली नाही. मग पेन्सिल बेसवर, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात बसतो त्या सॉकेटवर टेकवली, आणि फट्! तिथे एक चोर सापडला. बेसची पकड सैल होती आणि पिना काळ्या पडलेल्या.

आणि इथेच मला माझी चूक कळली. व्हॉल्व्ह काढून दुसरा बसवताना पिना बेसमध्ये घासल्या जातात, त्यावरचा गंज खरवडला जातो. म्हणून दोन दिवस खरखर थांबली होती. नव्या व्हॉल्व्हमुळे नाही. जुनाच काढून परत बसवला असता तरी थांबली असती. मी मात्र समजलो, चोर पोत्यात गेला.

उस्तादांनी यंत्र बंद केले आणि बराच वेळ तसेच ठेवले. हे महत्त्वाचे आहे, म्हणून जरा मोठ्याने सांगतो. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते टिकून राहतात. उस्ताद एक हात पाठीमागे ठेवूनच मीटर लावायचे, कंडेन्सर रिकामा झाल्याची खात्री करायचे, मगच पुढे. काही जुन्या रेडिओंत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो, सगळा पत्राच विजेला जोडलेला. अशा सेटमध्ये तापणाऱ्या तारा एकामागून एक जोडलेल्या असतात, एक व्हॉल्व्ह काढला की सगळे विझतात, त्यामुळे ही काढून बघायची युक्तीही तिथे चालत नाही. ज्याला हे माहीत नाही त्याने आत हात घालू नये. माहीत असलेल्याकडे न्यावे, किंवा नुसते बघत बसावे.

बेस साफ झाला, पकड सुईने आवळली. लावले. फटफट गेली, पण बारीक तडतड राहिलीच.

चौथे, अदलाबदल. डावीकडचा ईसीसी-८३ उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. तडतड व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा. ती डावीकडेच राहिली. मी काकुळतीने बघत होतो, कारण हे मला घरी बसल्या पाच मिनिटांत, एक रुपया खर्च न करता करता आले असते. मग तो व्हॉल्व्ह काढूनच ठेवला तर डावी बाजू शांत. म्हणजे ईएल-८४ आणि त्याच्या पुढचे सगळे निर्दोष. दोष या छोट्या व्हॉल्व्हच्या घरात, पण व्हॉल्व्हमध्ये नाही. मग व्हॉल्व्ह परत बसवून ग्रिड तारेने जमिनीला जोडली, म्हणजे मागून येणारे सगळे बंद. तडतड तरी आहेच.

"आता राहिलं कोण?" उस्तादांनी विचारले, अगदी मास्तरांसारखे.

राहिला प्लेटला वीज पोचवणारा रेझिस्टर. १०० किलो-ओहमचा, कार्बनचा, तपकिरी, शेंगदाण्याएवढा. मीटरवर मोजला तर आकडा जवळजवळ बरोबर! काकांच्या वहीत प्रत्येक पिनेचे व्होल्टेज लिहून ठेवले होते, त्याच्याशीही जुळला. पण जुन्या कार्बन रेझिस्टरची हीच खोड असते. मीटरच्या लहानशा बॅटरीवर तो शहाणा असतो, दोनशे व्होल्ट अंगावर आले की आतले कण एकमेकांशी नीट हात धरत नाहीत आणि तडतडतात. जॉन्सनचा तापमानाचा आवाज वेगळा, तो प्रत्येक रेझिस्टरमध्ये असतो. हा त्यावरचा, म्हातारपणाचा. उस्तादांनी जुना काढून नवा मेटल फिल्मचा रेझिस्टर डागला. किंमत? चहापेक्षा कमी.

यंत्र लावून आम्ही गरम होण्याची वाट बघत होतो, तेव्हा मी आबांच्या थापेची गोष्ट सांगितली. उस्ताद हसले. "थापेनं पिना हालल्या असतील. बेस सैल असणार त्यो," असे निदानही झाले. मग चहा आला. ग्लास हातात धरून ते म्हणाले, "आमच्या आईची त्या दिवसाची गोष्ट वेगळी हाय."

त्यांच्या आईने सांगितलेली गोष्ट अशी. घरी रेडिओ नव्हता. गावातून ढोल ऐकू आले तेव्हा त्यांनी दार आतून लावून घेतले. पुढचे काही आठवडे ती माणसे घरातच होती. रात्री दिवा नाही. "आई म्हणायची, आवाज आला की तो कशाचा ते वळखायला शिकलो. पाखरू, कुत्रं, वारा, का माणसं." उस्तादांचे थोरले चाचा त्या दिवसांत बाजाराला गेले ते परतले नाहीत. उस्तादांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी हे सांगितले ते माझ्याकडे न बघता, यंत्राकडे बघत. तक्रारीचा सूर नव्हता. मी काय बोलणार होतो... गप्प बसलो.

घरी आल्यावर शोधून वाचले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक १९४८ च्या अखेरीस संस्थानात पाठवले होते. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर किती माणसे मेली याचा त्यांचा अंदाज होता सत्तावीस ते चाळीस हजार, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून चार जिल्हे त्यांनी सांगितले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये. हा अहवाल कित्येक दशके बंद होता, २०१३ च्या सुमारास वाचायला खुला झाला.

रझाकारांचा जुलूम खोटा नव्हता. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा. आबांच्या घरच्यांनीही ते वर्ष जीव मुठीत धरून काढले, वीस-पंचवीस माणसे त्या रेडिओभोवती उगाच जमली नव्हती. आबांचा आनंद खरा होता. पण आबा नांदेडलाच राहत होते, थापेच्या नंतरचे आठवडेही त्यांनी तिथेच काढले. त्या आठवड्यांची एकही गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही. आणि आम्ही कोणी विचारलीही नाही. थाप, हशा, की गोष्ट संपायची.

थापेने खरखर थांबते. मी स्वतः दोन दिवस थांबवली होती. पण ती कुठून येत होती ते थापेने कळत नाही.

असो. अ‍ॅम्प्लिफायर आता माझ्या टेबलावर आहे. दोन्ही बाजू सारख्या वाजतात. उस्तादांनी पैसे विचारल्यावर जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही, तुम्हाला खोटा वाटेल. निघताना एवढेच म्हणाले, "मालक, काचेला फेकायची घाई करू नका." रात्री सगळे झोपले की कधी कधी मी गाणे न लावता नुसते यंत्र लावून बसतो. कान स्पीकरपाशी नेला की अगदी बारीक सर्रर्र ऐकू येते. ती शॉट्कीची. ती जाणार नाही, जायचे कारणही नाही.

नात्यातल्या मंडळींना दोन विनंत्या. कुणाच्या माळ्यावर जुने व्हॉल्व्ह असतील, रेडिओत किंवा सुटे, तर भंगारात देऊ नका, मला कळवा. मी नांदेडहून न्यायला येईन. आणि दुसरी. आबांनी त्या थापेनंतरचे काही कुणाला सांगितले असेल, आत्याला, मोठ्या काकूला, कुणालाही, तर तेही सांगा. तुटक आठवत असेल तरी चालेल.